हॅकिंटॉशची चर्चा आपल्या गटात होऊ द्यायची का? परळच्या एका संगणक कट्ट्याचं प्रकरण

(प्रकरण खरं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

परळमध्ये गिरण्यांच्या काळापासून चालत आलेलं एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या दालनात महिन्यातून दोन रविवारी सकाळी आमचा संगणक कट्टा भरतो. कंपन्यांनी भंगारात काढलेले संगणक आणायचे, धूळ झाडायची, रॅम वाढवायची, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायची आणि शिकणाऱ्या मुलांना ते द्यायचे, हे मुख्य काम. बाकी मग कोणाचा प्रिंटर चालत नाही, कोणाच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली आहे, कोणाला मराठी टंकलेखन शिकायचं आहे. कट्ट्याला लागून एक व्हॉट्सॲप गट आहे. खरी वर्दळ तिथेच असते, कारण रविवार महिन्यातून दोनदाच येतो आणि संगणक रोज बिघडतात.

गटाचे ॲडमिन तिघं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका, महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक ताई आणि मी. नियम लेखी नव्हते. 'पायरेटेड काही टाकायचं नाही' एवढं सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि तेवढं पुरेल असं आम्हाला वाटत होतं.

कट्ट्याचं वातावरण समजल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक घरगुती संगणक असेंबल्ड असतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर जायचं, चार दुकानांत भाव विचारायचे, मदरबोर्ड एकाकडून, कॅबिनेट दुसऱ्याकडून घ्यायचं आणि घरी आणून जोडायचं. मुंबईतल्या दोन पिढ्या याच रीतीने संगणक शिकल्या. त्यामुळे 'कंपनीने बनवला तोच खरा संगणक' ही कल्पना आमच्याकडे कोणाच्या डोक्यात नाही. मशीन आपलं, त्यात काय बसवायचं हे आपण ठरवू, हा कट्ट्याचा पिंडच आहे.

हॅकिंटॉश म्हणजे अशा असेंबल्ड संगणकावर चालवलेलं ॲपलचं मॅकओएस. हे शक्य झालं कारण ॲपलने २००५ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरकडे वळायचं जाहीर केलं आणि जानेवारी २००६ मध्ये इंटेलवरचे पहिले मॅक बाजारात आणले. मॅकमध्ये आणि लॅमिंग्टन रोडच्या संगणकात जवळपास तेच सुटे भाग येऊ लागले. मधला अडसर दूर करणारे बूटलोडर हौशी मंडळींनी लिहिले. आधी क्लोव्हर होता, अलीकडे ओपनकोअर. संगणक चालू होताना हा बूटलोडर मॅकओएसला 'हे अमुक मॉडेलचं मॅक आहे' असं सांगतो. त्यासाठी मॉडेलचं नाव द्यावं लागतं आणि एक सिरियल नंबरही. या सिरियल नंबरने पुढे आमची झोप उडवली.

परवान्याबाबत ॲपलने कधी संदिग्धता ठेवलेली नाही. मॅकओएस फक्त ॲपलचा शिक्का असलेल्या संगणकावर बसवायचं, असं परवान्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

प्रसंग

जून २०२४ मधल्या एका रात्री अकराच्या सुमारास गटात संदेश आला. 'कोणी हॅकिंटॉश बघतं का? सोनोमा अपडेट मारलं, वाय-फाय गेलं. व्हिडिओ बघून दुरुस्त करायला गेलो तर आता ॲपलच्या लोगोवरच अडकलंय. रविवारी आणू का?' सोबत पडद्याचा फोटो. (सोनोमा म्हणजे मॅकओएसची तेव्हाची नवी आवृत्ती.)

पाठवणारा लालबागचा, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. ध्वनिसंयोजन शिकतो, महाविद्यालयीन एकांकिकांना पार्श्वसंगीत करून देतो. कट्ट्यावर दोन-तीनदा आला होता, पण फार बोलत नसे.

अर्ध्या तासात तीन प्रकारची उत्तरं आली. एकाने तयार इमेज, म्हणजे मॅकओएसची आयती प्रत, उतरवून घ्यायची लिंक टाकली. दुसऱ्याने लिहिलं, 'हे बेकायदेशीर आहे, गटात नको.' तिसऱ्याने एक सिरियल नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, 'हा टाक, माझ्याकडे दोन वर्षं चालतोय.' मग वाद पेटला. चोरी, मक्तेदारी, गरिबांनी काय करायचं, ॲपलचे भाव, सगळं निघालं. ज्याचं मशीन बंद पडलं होतं त्याला मात्र पहाटेपर्यंत कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

सकाळी सहाला काका उठले. त्यांनी लिंक आणि सिरियल नंबर असलेले दोन्ही संदेश काढून टाकले आणि गटात फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय केली. कारण दिलं नाही. आठ वाजता मला फोन केला: 'आधी बंद केलं. आता काय करायचं ते ठरवू.'

हा पहिला निर्णय. लिंक आणि नंबर काढणं बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. गट मुका करणं चूक होतं. मुलाला वाटलं, आपल्यामुळे गट बंद पडला. त्याने माफी मागायला ताईंना खासगी संदेश पाठवला आणि 'रविवारी येत नाही' असं कळवलं. ताईंनी त्याला तिथल्या तिथे फोन केला म्हणून बरं झालं, नाहीतर प्रकरण तिथेच संपलं असतं, आणि वाईट रीतीने संपलं असतं.

अडचण नेमकी काय होती

ताईंच्या फोनवर उलगडलेली हकीकत गटातल्या वादाशी जुळतच नव्हती.

मुलाने हॅकिंटॉश हौसेने बनवलेला नव्हता, एका दुकानदाराकडून विकत घेतला होता. त्याला लॉजिक प्रो हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर हवं होतं, कारण तो जिथे शिकतो तिथे तेच शिकवतात आणि ते मॅकशिवाय दुसऱ्या कुठल्या संगणकावर चालत नाही. (लॉजिक एकेकाळी विंडोजवरही चालायचं. ते बनवणारी इमॅजिक ही जर्मन कंपनी ॲपलने २००२ मध्ये विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली.) दुकानदाराने सांगितलं, 'मॅकच आहे, फक्त कॅबिनेट वेगळं.' मुलाच्या आईने भिशीचे पैसे उचलून दिले. बिलावर लिहिलं होतं 'कॉम्प्युटर असेंब्ली'. मॅकओएसचा उल्लेख कुठेही नव्हता. लॉजिकही दुकानदारानेच टाकून दिलं होतं, म्हणजे ते विकत घेतलेलं नव्हतं.

आणि एकांकिकेची प्राथमिक फेरी एकोणीस दिवसांवर होती. सगळं संगीत त्या बंद पडलेल्या मशीनमध्ये.

बिघाड साधा होता. ॲपलने २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचा आधार काढून टाकला. दुकानदाराने नेमकं तसलंच कार्ड बसवलं होतं. आधीच्या व्हेंचुरावर ते चालत होतं, अपडेट होताच बंद पडलं. अस्सल मॅकवर अपडेटचं बटण दाबणं ही रोजची गोष्ट आहे. हॅकिंटॉशवर ते बटण दाबायच्या आधी आपल्या मशीनमध्ये कोणता भाग कशाच्या जोरावर चालतो ते माहीत असावं लागतं. स्वतः बनवणाऱ्याला ते माहीत असतं, विकत घेणाऱ्याला नसतं. हा फरक आमच्या वादात त्या रात्री कोणालाही दिसला नाही.

त्यात सिरियल नंबरची भर पडली. स्वतः हॅकिंटॉश करणारे जाणकार असा नंबर निवडतात की जो कोणत्याही खऱ्या मॅकचा नसेल, आणि तशी खात्रीही करून घेतात. मुलाच्या मशीनमधला नंबर आमच्यातल्या एकाने ॲपलच्या वॉरंटी तपासणीत घालून पाहिला, तर तो एका खऱ्या मॅकचा निघाला. गटात रात्री पाठवलेला नंबर घालून पाहिला, तर तोही तसाच. म्हणजे कुठेतरी कोणीतरी पैसे मोजून घेतलेल्या मशीनची ओळख आमच्या गटात वाटली जात होती. तोवर मी 'चर्चेला काय हरकत आहे?' या बाजूचा होतो. तो नंबर पाहिल्यावर मला कळलं की 'चर्चा' या एका शब्दाखाली आम्ही फार वेगवेगळ्या गोष्टी भरतो आहोत.

मांडलेली मतं

रविवारी कट्टा नेहमीप्रमाणे भरला. कामं आटोपल्यावर आम्ही नऊजण बसलो. गटात बऱ्याच दिवसांपासून असलेल्या, पण कट्ट्यावर पहिल्यांदाच आलेल्या एक वकीलताईही होत्या.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं. दालन आपलं नाही, ग्रंथालयाचं आहे. ग्रंथालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली सरकारी अनुदानावर चालतं. उद्या कोणी तक्रार केली तर कार्यकारिणीला उत्तर द्यावं लागेल. आणि मुलांचे आईवडील आपल्यावर विश्वास ठेवून मुलांना पाठवतात. इथून मूल काय शिकून जातं त्याची जबाबदारी आपली. काकांना जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. पण त्यांचा मुद्दा भीतीचा नव्हता, यजमानाच्या घरी कसं वागावं याचा होता.

विरुद्ध बाजूला आमच्यातला सर्वात तयार माणूस होता, ओपनकोअरची फाइल हाताने लिहिणारा. त्याने कॉम्पॅकचा दाखला दिला. १९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमशी सुसंगत संगणक जाहीर केला. त्यासाठी आयबीएमचं बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, न उचलता ते बाहेरून कसं वागतं एवढं पाहून नव्याने लिहिलं. आयबीएमच्या परवानगीशिवाय झालेल्या त्या कामातूनच आजची सगळी असेंबल्ड दुनिया उभी राहिली. 'तेव्हा कोणी म्हणालं असतं, याबद्दल बोलायचं नाही, तर आपण इथे बसलोच नसतो,' तो म्हणाला. दालनात बराच वेळ कोणी बोललं नाही. त्याचं म्हणणं मनाला लागलं होतं.

वकीलताईंनी त्याच दाखल्याचा धागा पुढे नेला. कॉम्पॅकने कोणाचा प्रोग्रॅम उचलला नाही, स्वतःचा लिहिला. हॅकिंटॉशमध्ये ओपनकोअर हा नव्याने लिहिलेला भाग आहे, पण मॅकओएस ॲपलचंच आहे. म्हणून दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. मग त्यांनी सायस्टारचा खटला सांगितला. फ्लोरिडातली ही कंपनी २००८ मध्ये मॅकओएस घातलेले संगणक विकू लागली, त्याच वर्षी ॲपलने तिला न्यायालयात खेचलं, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो कायम ठेवला. अमेरिकेचा निकाल आपल्याला बांधील नाही, पण खटला कोणावर झाला ते बघा, त्या म्हणाल्या. विकणाऱ्यावर झाला.

भारतीय कायद्याबद्दल त्या मोजकंच बोलल्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात रीतसर मिळवलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवायला, दुसऱ्या प्रोग्रॅमशी तो जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढायला आणि तो कसा चालतो याचा अभ्यास करायला मुभा आहे. त्याच कायद्याच्या ६३ब कलमात बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. ॲडमिनचं काय, असं मी विचारलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे की सामायिक हेतू दाखवता आला नाही तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. 'पण तुम्ही तो मजकूर पाहिला, तो काय आहे ते तुम्हाला कळलं आणि तरी राहू दिला, तर हेतू नव्हता हे सांगणं अवघड होत जातं,' त्या म्हणाल्या.

समोरचे पर्याय

हा विषयच बंद करणं हा पहिला. नियम सोपा, राखायलाही सोपा. पण त्या मुलाचं काय झालं असतं? 'मॅकच आहे, फक्त कॅबिनेट वेगळं' हे खोटं आहे असं त्याला सांगणारं ठिकाण आमच्याशिवाय दुसरं नव्हतं. दुकानदार सांगणार नव्हता आणि व्हिडिओवाले तर मुळीच नाहीत. गप्प बसण्याचा फायदा एकट्या विकणाऱ्याला होतो, हे वाक्य ताईंनी त्या दिवशी दोनदा म्हटलं.

सगळं खुलं ठेवण्याचा पर्याय सिरियल नंबर पाहिल्यावर कोणीच धरून ठेवला नाही.

सर्वांना मोह पडला तो तिसऱ्याचा: हॅकिंटॉशवाल्यांनी आपला वेगळा गट काढावा, कट्ट्याशी संबंध नाही. मलाही तो पटत आला होता. ग्रंथालय सुरक्षित, काका निश्चिंत, जाणकार मोकळे. तो मोडला तो दालनात सर्वात कमी बोलणाऱ्या एका मुलीने. ती नुकतीच हार्डवेअर शिकू लागली होती. तिने विचारलं, 'मग त्या गटात नवीन मुलगा गेला तर त्याला थांबवणारं कोण असेल? काका तिथे नसणार.' खरंच होतं. सावध माणसं एकीकडे आणि उत्साही माणसं दुसरीकडे अशी फाळणी झाली असती. ज्याला दोघांचीही गरज आहे तो नवखा उत्साही मंडळींच्याच वाट्याला आला असता.

मग राहिला चौथा पर्याय, चर्चेचेच तुकडे पाडण्याचा. कोणत्या मशीनबद्दल बोलतो यावर रेघ न ओढता, बोलण्यातून काय हातात दिलं जातं यावर ती ओढायची. हे कसं चालतं, का बंद पडतं, परवान्यात काय लिहिलं आहे, विकत घेण्याआधी काय विचारावं, यावर मोकळेपणी बोलावं. इमेज, लिंक, सिरियल नंबर, परवान्याशिवायचे प्रोग्रॅम आणि तयार मशीनची खरेदी-विक्री मात्र गटातून होऊ नये.

काय केलं

मुलाचं काम आधी हाती घेतलं, नियम नंतर लिहिला. हा क्रम ताईंनी आग्रहाने धरला आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मशीनमधली एसएसडी काढून बाहेरच्या डबीत घातली आणि आमच्यातल्या एकाच्या अस्सल मॅकबुकला जोडली. डिस्क कुलूपबंद केलेली नव्हती, त्यामुळे सगळ्या फाइली दिसल्या. मुलगा तेव्हा रडला. मी शेजारीच होतो.

मॅकबुकवर ॲपलकडूनच मिळणारी लॉजिकची नव्वद दिवसांची चाचणी आवृत्ती घेतली, प्रकल्प उघडले आणि प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढला. काही प्लगइन (लॉजिकला जोडायचे आवाजांचे छोटे प्रोग्रॅम) दुकानदाराने दिलेले, चोरीचे होते. ते तिथे नसल्यामुळे चार जागी आवाज रिकामे आले. ते त्याने पुन्हा बसवले.

मशीनमध्ये मॅकओएस पुन्हा चालू करून द्यायचं का, हा त्या दिवसाचा सर्वात कठीण प्रश्न. ओपनकोअरवाला म्हणाला, 'दोन तासांचं काम आहे.' खरंच तेवढंच होतं. आम्ही नाही म्हटलं. दालनात बसून, ग्रंथालयाच्या वीजजोडणीवर, परवान्याविरुद्धचं काम करून द्यायचं नाही. समजावून सांगू, करून देणार नाही. त्याच मशीनवर रीतसर विंडोज बसवलं, सोबत रीपर. तेही संगीताच्या गंभीर कामाचं सॉफ्टवेअर आहे, साठ दिवस तपासून पाहता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरला मिळतो. मुलाने एकांकिकेचं उरलेलं काम त्यावर पूर्ण केलं. आवडीने केलं, असं मी म्हणणार नाही. सवयीच्या सगळ्या कळा बदलल्या होत्या आणि पहिले चार दिवस तो वैतागलेला होता.

काका मुलाला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं. वकीलताई तक्रार लिहून द्यायला तयार होत्या आणि मुलाला अंधारात ठेवून माल विकला गेला हेही त्यांनी समजावलं. पण ६३ब ऐकल्यापासून मुलगा घाबरला होता. कलमातल्या 'जाणूनबुजून' या शब्दावर त्यांनी कितीही बोट ठेवलं तरी त्याच्या कानात 'तीन वर्षं' एवढंच राहिलं. तक्रार झाली नाही.

त्यानंतर आठवड्याभराने गटात नियम लावला. वरच्या चौथ्या पर्यायाचंच लेखी रूप होतं ते. सोबत आणखी दोन वाक्यं होती. अशा मशीनबद्दल उत्तर देणाऱ्याने परवान्यातली अट आधी सांगायची, मग बाकीचं. आणि एखादा संदेश काढला तर ॲडमिनने त्याच ठिकाणी कारण लिहायचं.

परिणाम

ओपनकोअरवाला महिन्याभरात गटातून गेला. भांडून नाही. 'मला हाताने करून दाखवता येत नसेल तर शिकवण्यात राम नाही,' असं म्हणाला. त्याच्याइतकं जाणणारा माणूस आम्हाला पुन्हा मिळालेला नाही.

दुसरीकडे, पुढच्या काही महिन्यांत तिघांनी असं मशीन घेण्याआधी गटात विचारलं. एकाने दुकानदाराचा भाव टाकला. त्यावर दुसऱ्याने सांगितलं की यात थोडी भर घातली तर एम१ चं, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचं, सेकंडहँड मॅक मिनी येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने एम४ चं मॅक मिनी ५९,९०० रुपयांना जाहीर केलं, तेव्हा तयार हॅकिंटॉश घेण्यामागचं गणितच कोसळलं. जून २०२५ मध्ये ॲपलने सांगितलं की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणजे हॅकिंटॉशचा पुढचा रस्ताच बंद. तेव्हापासून या विषयावर गटात चौकशी जवळपास थांबली आहे.

पण नियमाची खरी परीक्षा वेगळ्याच मशीनवर झाली. एक निवृत्त शिक्षिका २०१२ चं मॅकबुक प्रो घेऊन आल्या. ॲपलने त्याला मॅकओएसच्या कॅटालिना या आवृत्तीपर्यंतच अधिकृत आधार दिला होता. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून त्यावर पुढची आवृत्ती चालते. काकांनी नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं. कारण आम्ही नियमाच्या शीर्षकात 'अनधिकृत मशीन' असे शब्द लिहिले होते. बाईंनी शांतपणे विचारलं, 'यावर ॲपलचाच शिक्का आहे ना?' होता. परवाना ॲपलच्या संगणकावर बसवा म्हणतो, आणि तो ॲपलचाच संगणक होता. कंपनीने आधार देणं थांबवलं, एवढंच झालं होतं. काकांनी स्वतःच शीर्षक बदललं. मॅकबुक आम्ही दालनातच करून दिलं, अपडेटचा धोका समजावून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि तोच प्रश्न मोठ्या प्रमाणात परत आला. आम्ही दिलेल्या जुन्या संगणकांपैकी कितीतरी संगणक टीपीएम या सुरक्षा चिपच्या अटीमुळे विंडोज ११ साठी बाद. गटात कापून हलक्या केलेल्या विंडोजच्या लिंका येऊ लागल्या. या वेळी रात्री अकराला वाद पेटला नाही. लिंक काढली गेली, जागेवर कारण लिहिलं गेलं: ही इमेज कोणी कापली, आत काय घातलं हे तपासता येत नाही, आणि यावर मुलं बँकेचे पासवर्ड टाकणार आहेत. खाली दोन मार्ग लिहिले. मायक्रोसॉफ्टची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अद्यतनं घ्यायची किंवा लिनक्सवर जायचं. टीपीएमची तपासणी कशी चुकवतात यावर चर्चा झाली, मोकळेपणी झाली, आणि ती होऊ द्यावी असं काकांनीच सुचवलं.

आज वेगळं काय केलं असतं

गट मुका करण्याऐवजी दोन संदेश काढून खाली दोन ओळी लिहिल्या असत्या आणि मुलाला रात्रीच फोन केला असता.

सिरियल नंबर पाठवणाऱ्याशी बोललो असतो. आम्ही फक्त त्याचा संदेश काढला. तो नंबर त्याला कुठून मिळाला, आणखी किती जणांना त्याने दिला, हे विचारायचं राहून गेलं. गट मोकळा झाला तोवर तो निघून गेला होता. ज्याच्या मॅकचा तो नंबर आहे त्याला कधीतरी त्रास झाला असेल का, हा विचार मला अजून छळतो.

वकीलताईंना कलम मुलाच्या समोर वाचू दिलं नसतं. आधी त्याला तक्रारीचा हक्क सांगायचा, शिक्षेची तरतूद नंतर आणि फक्त आम्हाला. क्रम उलटा झाला आणि फसवलेला माणूस स्वतःलाच गुन्हेगार समजू लागला.

ओपनकोअरवाल्याला थांबवण्यासाठी काही करता आलं असतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. ताईंच्या मते त्याला अस्सल जुन्या मॅकवरचं काम पहिल्या दिवसापासून सोपवायला हवं होतं. तेच तंत्र, तेच कौशल्य, परवान्याचा प्रश्न नाही. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ते सुचलं नाही.

आणि ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी होती तो आम्ही सर्वात शेवटी विचारला: तुला नेमकं काय करायचं आहे? त्याला मॅक नको होता, लॉजिक हवं होतं. तेही रोज नाही, आठवड्यातून काही तास. हे कळल्यावर २०२५ च्या सुरुवातीला एका सभासदाने आपलं एम१ मॅक मिनी कट्ट्याला दिलं. लॉजिक वर्गणी काढून रीतसर घेतलं. दालनाच्या कोपऱ्यात ते हेडफोनसह ठेवलं आहे आणि वहीत नाव लिहून दोन तासांची पाळी घेता येते. लालबागचा मुलगा महिन्यातून एकदा तरी येतो. अडचण वेळेची आहे. दालन दुपारी एकला बंद होतं आणि मिक्सिंगला बसलेल्याला दोन तास पुरत नाहीत. संध्याकाळीही दालन उघडं ठेवावं असा अर्ज आम्ही ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला दिला आहे, त्यावर पहिली सही काकांची आहे.